पाण्यात उभं, तरी तहानलेलं

एप्रिलचा दुसरा आठवडा. दुपारी साडेतीनला चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावरच्या बेझिलनं, तुळशीच्या कुळातल्या त्या झाडानं, मान टाकलेली. पानं ओल्या रुमालासारखी लोंबत होती. कुंडीतलं झाड असतं तर नवल नव्हतं, नाशिकच्या एप्रिलात एक दिवस पाणी चुकलं की झाड हातचं गेलंच. पण हे मातीशिवाय, पाण्याच्या टाकीवर झाडं वाढवायच्या यंत्रातलं, याची मुळं चोवीस तास पाण्यातच. "अगं, तहान लागली असेल त्याला," म्हणत सासूबाईंनी तांब्याभर पाणी टाकीत ओतलंसुद्धा, अगदी काठोकाठ. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड आणखी लोळलं होतं.

झाकण उचलून पाहिलं. एरवी शिजलेल्या शेवयांसारखी पांढरी दिसणारी मुळं चहाच्या चोथ्याच्या रंगाची झाली होती. बोटाला बुळबुळीत लागत होती, आणि पाणी न बदललेल्या फुलदाणीचा वास येत होता. झाड तहानेनं नाही, गुदमरून चाललं होतं.

हे यंत्र मिक्सरच्या शेजारी मावेल एवढंच आहे. खाली ४ लिटरची टाकी, तिच्या झाकणाला सहा भोकं, प्रत्येक भोकात स्पंजाचा तुकडा घातलेली जाळीची टोपली, वर एलईडी दिवा आणि आत पाणी फिरवणारा अंगठ्याएवढा पंप. मातीचा कण नाही. भाड्याच्या घरात हे फार सोयीचं पडतं. मालकाच्या भिंतीला खिळा मारावा लागत नाही, ग्रिलमधल्या कुंडीचं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत नाही आणि ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की टाकी मोरीत रिकामी करून बाग खोक्यात भरता येते.

या पद्धतीला हायड्रोपोनिक्स म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी १९३७ साली हा शब्द रूढ केला. ग्रीकमध्ये 'हायड्रो' म्हणजे पाणी आणि 'पोनोस' म्हणजे कष्ट. थोडक्यात, पाणकाम! प्रयोग मात्र त्याहून बराच जुना. जॉन वुडवर्ड यांनी लंडनमध्ये पुदिना नुसत्या पाण्यावर वाढवून पाहिला आणि १६९९ साली त्याची हकिगत छापली. त्यांनी पावसाचं पाणी घेतलं, थेम्स नदीचं घेतलं आणि बागेतली माती कालवलेलंही घेतलं. सगळ्यात स्वच्छ पाण्यातला पुदिना सगळ्यात रोडका राहिला आणि माती कालवलेल्या पाण्यातला भरभरून वाढला. म्हणजे झाड नुसत्या पाण्यावर पोसलं जात नाही, पाण्यात काहीतरी विरघळलेलं असावं लागतं. ते काहीतरी म्हणजे काय, याची यादी पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात हळूहळू पुरी झाली. कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन मूलद्रव्यं हवापाण्यातून मिळतात. नत्र, स्फुरद, पालाशापासून ते अगदी चिमूटभर लागणाऱ्या मॉलिब्डेनम आणि निकेलपर्यंत उरलेली १४ मुळांवाटे येतात.

हा जेवणाचा भाग सोपा आहे, आणि नाशिककरांना तर तो शिकवायलाही नको. माझा चुलतभाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. खरड छाटणी उरकून तो घरी आला होता. यंत्रासोबतच्या खताच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या त्यानं उलटसुलट करून पाहिल्या आणि हसला. "ताई, एकीत कॅल्शियम नायट्रेट आणि दुसरीत बाकीचं सगळं, बरोबर? आम्ही पण ड्रिपमधून एका दिवशी सोडत नाही." खरंच तसं आहे. घट्ट द्रावणात कॅल्शियमची सल्फेट आणि फॉस्फेटशी गाठ पडली की पांढरा गाळ बसतो. गाळ झालेलं खत मुळांच्या कामाचं नाही आणि ड्रिपच्या नळ्या तुंबतात ते वेगळंच. म्हणून दोन बाटल्या, आणि टाकीतल्या भरपूर पाण्यात एकीमागून एक.

मग त्यानं विचारलं, गाडीत एकोणीस-एकोणीस-एकोणीस आहे, देऊ का अर्धा किलो? विद्राव्य खतच ते, कृषी सेवा केंद्रात कुठेही मिळतं. नको म्हटलं. एक तर त्यात कॅल्शियम नसतं. शिवाय त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. शेतात मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम आणि अमोनियमचं नायट्रेट करून मुळांपुढे वाढतात. माझ्या टाकीत हे आचारी नाहीत. माती निव्वळ आधाराला असते असं वाटतं, पण ती रांधते, साठवते आणि आपण हात सैल सोडून खत टाकलं तर जास्तीचं धरूनही ठेवते. ४ लिटर पाण्यात सांभाळून घेणारं कुणी नाही. चमचाभर चुकलं की ते थेट मुळांवर जातं.

एक चूक त्यानं लांबूनच ओळखली. "कोवळी पानं पिवळी पडलीत आणि शिरा तेवढ्या हिरव्या. फेरस कमी पडतंय." लोह पाण्यात होतं, पण झाडाला घेता येत नव्हतं. आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी कमी पडलं की बोअरचं सोडतात. ते पाणी जड, त्यातल्या बायकार्बोनेटमुळे टाकीचा सामू, म्हणजे पीएच, सात-साडेसातच्या वर चढतो. तिथे लोह विरघळलेलं राहायलाच नाखूश असतं. सामू साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये आला की तेच लोह मुळांना मिळू लागतं. कोवळीच पानं का पिवळी पडतात, तर लोह एकदा पानात बसलं की सहसा हलत नाही, जुनं पान नव्याला उसनं देत नाही. नत्राचं उलट. तो कमी पडला की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं आणि खालची पानं आधी पिवळी पडतात. एवढा फरक लक्षात ठेवला तरी निम्मं निदान मीटरशिवाय होतं.

आता हवेचं. अवघड भाग खरं तर हाच.

मूळसुद्धा श्वास घेतं. पानाला उजेडात स्वतःचा ऑक्सिजन तयार करता येतो, मुळाला नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, त्यावर त्याचं भागतं. लिटरभर हवेत साधारण पाव ग्रॅम ऑक्सिजन असतो. लिटरभर पाण्यात २० अंश सेल्सिअसला जेमतेम ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. हे समुद्रसपाटीचे आकडे. नाशिक ६०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणजे इथे त्याहूनही थोडा कमीच. त्यात भर अशी की पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या मानानं सुमारे दहा हजार पट सावकाश. म्हणून पाणी हलतं ठेवावं लागतं. आमचं यंत्र मी फ्रिजच्या पाठीला लावून ठेवलं होतं, जिथे दिवसभर गरम वाफारा येतो. पाणी जसं तापतं तसा त्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि त्याच वेळी मुळांची श्वासाची गरज वाढते, १० अंशांमागे जवळजवळ दुप्पट. दुपारी वीज गेली की पंपही थांबायचा.

पण गुदमरलेलं मूळ पाणी का पीत नाही? पेशीच्या आवरणात पाण्याच्या ये-जा करण्याच्या खास वाटा असतात, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. त्यांच्या शोधासाठी पीटर एग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ऑक्सिजन संपला की पेशीच्या आतला रस आम्लधर्मी होतो आणि मुळांमधल्या या वाटा मिटतात. वर पानांतून बाष्प चाललेलंच असतं, खालून पुरवठा बंद. मग झाड पाण्यात उभं राहून सुकतं. अशा अर्धमेल्या मुळांवर पिथियम चढतं. ते बुरशीसारखं दिसतं, पण खरी बुरशी नाही, द्राक्ष बागाईतदारांची झोप उडवणाऱ्या डावणी रोगाचं नातलग आहे. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात, त्यामुळे एक रोप गेलं की शेजारची पाच रांगेत उभी असतात.

इगतपुरीकडचा भात मग चिखलात पाय रोवून कसा उभा राहतो? त्याच्या खोडामुळांत पोकळ नळ्यांसारखी ऊती असते. पानाकडची हवा तिच्यातून खाली मुळांपर्यंत पोचते. बेझिलला ही सोय जवळपास नाहीच.

म्हणजे सासूबाईंचा तांब्या आगीत तेल ठरला होता. टाकी काठोकाठ भरायची नसते. पाण्याची पातळी आणि झाकण यांत दोन-तीन बोटं जागा सोडली की वरची मुळं दमट हवेत राहतात आणि श्वासाचं काम तीच करतात. खालची मुळं पाणी पितात. मी कुजलेली मुळं कात्रीनं काढली, टाकी घासली, यंत्र फ्रिजपासून लांब नेलं आणि फिशटँकच्या दुकानातून बुडबुडे काढणारा छोटा पंप आणला. शेवटी टाकीभोवती ओला सुती पंचा गुंडाळला. माठाचाच न्याय, नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगला लागू पडतो. फक्त टोक विजेच्या बोर्डाकडे जाऊ द्यायचं नाही. सहापैकी दोन रोपं वाचली. झाकणाची रिकामी भोकं तेवढी बुजवा, नाहीतर उजेडानं आत शेवाळ धरतं आणि पावसाळ्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात.

कोथिंबिरीच्या भानगडीत पडू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. यंत्राचा दिवा १६ तास चालतो. बेझिलला ते मानवतं. घरातल्या उजेडावर त्याचं भागत नाही, कारण आपल्याला लख्ख वाटणारी ट्यूबलाइट ओट्यावर जेमतेम दोन-तीनशे लक्स देते आणि भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. पण कोथिंबिरीला लांब दिवस आणि उष्मा एकदम भेटला की तिला फुलायची घाई होते. माझी कोथिंबीर सहाव्या आठवड्यात शेपूसारखी बारीक पानं काढून तुऱ्यावर आली. बाजारात तीच जुडी कधी शंभरी गाठते, कधी शेतकरी रस्त्यावर फेकून जातो. पण दिव्याचं बिलही बघा. २४ वॅटचा दिवा १६ तास लावला तर महिन्याला साडेअकरा युनिट होतात, युनिटला दहा रुपये धरले तर ११५ रुपये. तेवढ्यात वर्षातले निम्मे महिने पिशवीभर कोथिंबीर येते. पुदिना मात्र जरूर लावा, आणि बी विकत घेऊ नका. बाजारच्या जुडीतली एक जाड काडी पेरापर्यंत पाण्यात ठेवली की आठवड्यात मुळं सुटतात.

बेझिलचं बीही महागाचंच घ्यायला हवं असं नाही. फालुद्यातला सब्जा हे त्याच जातीचं बी, ऑसिमम बॅसिलिकम. रिकाम्या चार भोकांत मी वाण्याकडच्या पुडीतला सब्जा टाकला. स्पंजावर तासाभरात प्रत्येक बीभोवती तीच ओळखीची बुळबुळीत गादी चढली, आणि चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. रोप वीतभर झालं तेव्हा भावाच्या सांगण्यावरून शेंडा मारला, द्राक्षासारखाच. शेंड्यातून खाली येणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक थांबलं की बगलफुटी जाग्या होतात आणि एकाचे दोन शेंडे होतात.

वास मात्र वेगळा निघाला. पास्त्यावर घालतात त्या इटालियन बेझिलमध्ये लिनालूल आणि लवंगेतलं युजेनॉल या सुगंधी द्रव्यांचा जोर असतो. माझ्या रोपाला बडीशेपेच्या अंगानं जाणारा गोडसर वास होता. आपल्याकडच्या बऱ्याच सब्जात मिथाइल चॅव्हिकॉल जास्त असतं, त्याचा हा वास. पिझ्झ्यावर तो शोभला नाही. सासूबाईंनी एक पान चुरगाळून हुंगलं आणि दुपारच्या ताकात टाकलं. आता त्या रोज दोन पानं खुडतात, आणि टाकीवर मी नेलपॉलिशनं ओढलेल्या रेषेच्या वर पाणी ओतत नाहीत.