मुलांच्या जांघेतील सूज : सोनोग्राफी व इतर तपासण्या

लहान मुलाच्या जांघेत आलेला फुगवटा आतड्याचा, पाण्याचा, गाठीचा की वाटेत अडकलेल्या वृषणाचा, हे ओळखण्यासाठी प्रामुख्याने सोनोग्राफी वापरतात. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि भूलही लागत नाही. तरीही ‘रडला की फुगतो, निजला की जिरतो’ या आईच्या सांगण्यावर आणि बोटांनी केलेल्या तपासणीवर बहुतेक अंतर्गळ (हर्निया) ओळखू येतात. यंत्राची गरज लागते ती शंका उरल्यावर.

गर्भात वृषण पोटातून खाली उतरते त्या वाटेवर पोटाच्या अस्तराची एक नळी तयार होते. ती पुढे बुजते. ती उघडी राहिली आणि रुंद असली, तर तिच्यातून आतडे उतरते, तोच अंतर्गळ. अरुंद असली तर नुसते पाणी झिरपून हायड्रोसील होतो. (विदर्भात हायड्रोसील म्हटले की हत्तीरोग आठवतो, तान्ह्या बाळाच्या हायड्रोसीलचा त्याच्याशी संबंध नसतो.) पूर्ण दिवसांच्या 100 बाळांपैकी 1 ते 5 बाळांत अंतर्गळ आढळतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याहून बराच जास्त. उजवी बाजू अधिक वेळा सापडते.

पडद्यावर आतडे त्याच्या हालचालीवरून आणि आतल्या हवेच्या चमकीवरून ओळखू येते, पाणी निव्वळ काळे दिसते. अडचण वेगळीच आहे : निजलेल्या बाळाच्या जांघेत दिसण्यासारखे काही नसतेच. म्हणून एरवी नकोसे वाटणारे रडणे इथे कामाचे ठरते. मोठ्या मुलाला खोकायला किंवा फुगा फुगवायला सांगतात, उभे करूनही पाहतात. घरी मोबाइलवर टिपलेला फुगवट्याचा फोटो कित्येकदा तितकाच उपयोगी पडतो. 1967 मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी पोटात रंगद्रव्य टोचून क्ष-किरणांनी ही नळी दाखवण्याची पद्धत मांडली होती. मुलांसाठी ती आता जवळपास मागे पडली आहे.

मुलींमध्ये जास्त सावध राहावे लागते. जांघेतली न दुखणारी, हलणारी गाठ म्हणजे घसरलेले बीजांडही (अंडाशय) असू शकते. सोनोग्राफीत त्यातील बारीक पुटके (द्रवाने भरलेल्या छोट्या पिशव्या) दिसतात. तिथे त्याला पीळ पडण्याचा धोका असतो.

पायाला जखम झाल्यावर येणारे अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. ती लांबट असून मध्यभागी चरबीची उजळ रेघ टिकून असेल तर काळजी कमी. मध्यभागी पातळ द्रव दिसला तर पू झाल्याचा संशय येतो. खोल किंवा घट्ट गाठीसाठी एमआरआय करतात. न उतरलेल्या वृषणासाठी मात्र सरसकट सोनोग्राफी करू नये, असे अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात : वृषण दिसले नाही म्हणजे ते नाहीच, असे ठरत नाही.

सूज कडक, दुखरी, आत न जाणारी असेल आणि उलट्या होत असतील, तर आतडे अडकल्याचा संशय घेतात. वृषणाला पीळ पडल्यास डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) रक्तप्रवाह कमी किंवा बंद दिसतो. पण पीळ अर्धवट असेल तर प्रवाह दिसतही राहतो. पहिल्या 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. म्हणून लक्षणे स्पष्ट असतील तर सोनोग्राफीसाठी न थांबता मुलाला थेट शस्त्रक्रियेसाठी नेतात.