हिशेब ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर नेताना
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मार्च जवळ आला की सदाशिव पेठेतल्या आमच्या ऑफिसात एकच प्रश्न दिवसातून चार वेळा येतो : "सॉफ्टवेअरचं रिन्यूअल भरायचं, की यंदा ग्नूकॅशवर जायचं?" ग्नूकॅश हे हिशेबाचे ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असे, सॉफ्टवेअर आहे. उत्तर सगळ्यांना सारखे देता येत नाही, म्हणून आधी कोणी जाऊ नये ते सांगतो.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर ग्नूकॅश नको. कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे ऑडिट ट्रेल, आपोआप राहिली पाहिजे आणि ती कोणालाही बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ग्नूकॅशमध्ये जुनी एंट्री बदलताही येते आणि पुसताही येते. दुकानातल्या मालाचा साठा सांभाळायचा असेल, किंवा दोघांना एकाच वेळी एंट्री करायची असेल, तरीही त्याचा उपयोग नाही. अशांना आम्ही ईआरपीनेक्स्ट सुचवतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे हे सॉफ्टवेअरही ओपन सोर्सच आहे. त्यात सबमिट झालेले व्हाउचर रद्द करून नवे करावे लागते आणि दोन्हींचा माग राहतो. पण त्याला सर्व्हर लागतो आणि सर्व्हरची देखभाल लागते. तो खर्च धरूनच ठरवा, आणि ऑडिट ट्रेलची सेटिंग तुमच्या सीएंना दाखवून घ्या.

दवाखाना, आर्किटेक्टचे ऑफिस, शिकवणीचे वर्ग, एकट्याची कन्सल्टन्सी यांना मात्र ग्नूकॅश छान चालते. त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९८ साली आली. नावे-जमा (डेबिट-क्रेडिट) दोन्ही बाजू त्यात काटेकोर लागतात आणि मेनू मराठीतही दिसतात. परवान्याची फी नाही, ही गोष्ट ग्राहकांना पहिल्यांदा आवडते. आम्हाला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की तुमची फाइल आतून साधी एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेला वाचता येणारा मजकूर, असते. उद्या ग्नूकॅशही नकोसे झाले, तरी दुसरा कोणताही जाणकार ती फाइल उघडून तुमची खतावणी वाचू शकेल. उणीव एकच मोठी : जीएसटीचे रिटर्न त्यातून थेट तयार होत नाही. रिपोर्ट काढून आकडे पोर्टलवर भरावे लागतात. महिन्याला शे-दोनशे बिले असतील तर हे काम जड जाते.

कुठे अडते

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून डेबुक (रोजकीर्द) एक्सेलमध्ये काढले की बऱ्याच ओळींत खात्याच्या नावाऐवजी "ॲज पर डिटेल्स" एवढेच येते. समजा ११,८०० रुपयांचे बिल आहे. त्यात विक्री १०,०००, सीजीएसटी ९०० आणि एसजीएसटी ९०० अशी तीन खाती दडलेली असतात. ती फाइल तशीच पुढे ढकलली, तर कराची खाती रिकामी राहतात. म्हणून आम्ही एक्सेलवर न थांबता एक्सएमएल काढतो. तिथे दुसरी मेख आहे. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हासह येते, तर ग्नूकॅशमध्ये नावे म्हणजे अधिक. सगळी चिन्हे उलटी केली नाहीत, तर ज्याच्याकडून येणे आहे तो गिऱ्हाईक घेणेकरी होऊन बसतो.

तारखांचेही तसेच. ०४-०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे आयात करताना स्पष्ट सांगावे लागते. १,२५,००० मधले स्वल्पविराम आम्ही आधीच काढून टाकतो. खात्यांची नावे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ती पुन्हा लिहावी लागतात. या कामाला वेळ लागतो, आणि तो आम्ही दरपत्रकात वेगळा धरतो.

किती जुने आणायचे

आमचा सल्ला ठाम आहे. १ एप्रिलची आरंभीची शिल्लक आणा, आणि येणी-देणी बिलवार आणा. मागची वर्षे जुन्याच सॉफ्टवेअरमध्ये राहू द्या. प्रत्येक वर्षाची खतावणी, तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि ताळेबंद मात्र पीडीएफ करून ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात, कंपन्यांना वह्या ८ वर्षे. जुन्या कॉम्प्युटरवरून सॉफ्टवेअर काढून टाकायची घाई करू नका.

काम झाले असे आम्ही केव्हा म्हणतो? जुनी तेरीज आणि नवी तेरीज पैशापर्यंत जुळली की. ग्नूकॅशमध्ये एखाद्या एंट्रीची एक बाजू हरवली तर ती रक्कम "इम्बॅलन्स-आयएनआर" नावाच्या खात्यात जाऊन पडते. ते खाते शून्य हवे. सगळ्या शिलका भरून झाल्यावर आरंभीच्या शिलकेचे खातेही शून्य व्हायला हवे. कोथरूडच्या एका दवाखान्याचे काम करताना या खात्यात ९,००० रुपये उरले. एवढ्या रकमेची एंट्री कुठेच सापडेना. चुकीच्या बाजूला गेलेल्या रकमेचा फरक दुप्पट दिसतो, म्हणून आम्ही ९,००० चे निम्मे केले आणि ४,५०० शोधले. विजेची अनामत होती, आमच्याच हातून ती नावेऐवजी जमा बाजूला गेली होती. ती सरळ करेपर्यंत आम्ही फाइल डॉक्टरांच्या हाती दिली नाही.

त्यानंतर एप्रिल आणि मे हे दोन महिने जुन्या आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे एंट्री करा. दुप्पट काम आहे हे खरे, पण याच दोन महिन्यांत बँकेचा ताळमेळ आणि जीएसटीचे आकडे दोन्हीकडे पडताळून बघता येतात. बॅकअप पहिल्या दिवसापासून दोन ठिकाणी ठेवा. ग्नूकॅश सेव्ह करताना आपल्या बॅकअप फाइल्स स्वतः ठेवते, पण मूळ सेटिंगप्रमाणे त्या ३० दिवसांनी जातात आणि त्याच डिस्कवर असतात. डिस्क गेली की त्याही गेल्या.

पहिल्या भेटीला येताना जुन्या डेटाचा पूर्ण बॅकअप, ३१ मार्चची तेरीज, बँकेची स्टेटमेंट आणि न फिटलेल्या बिलांची यादी आणा. डेटा तपासून दरपत्रक देतो, त्या तपासणीचे पैसे घेत नाही. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी आमचा माणूस तुमच्याकडे येऊ शकतो. आदल्या दिवशी कळवा आणि सॉफ्टवेअरचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला थांबायला सांगा.