प्रकल्पाची वही वर्गात आली कशी

जून लागला की कोल्हापुरातल्या स्टेशनरीच्या दुकानांत वह्यांच्या शेजारी छापील चित्रांचे तक्ते दिसू लागतात. आपले सण, फळे, वाहने, थोर व्यक्ती. चित्रे कापायची, डकवायची, भोवती स्केचपेनने चौकट आखायची, की चौथीचा ‘प्रकल्प’ तयार. यात मुलाला पडलेला प्रश्न कुठेच नसतो. प्रकल्प पद्धत जन्मली तेव्हा तिचा आरंभच त्या प्रश्नापासून होत असे.

प्रकल्प हा प्रकार मुळात शाळेचा नव्हे, वास्तुशिल्पाचा. रोम आणि पॅरिसच्या वास्तुकला अकादमींत विद्यार्थ्यांना खऱ्या इमारतीसारखे काम आराखड्यापासून स्वतः पार पाडायला देत. पुढे अमेरिकेत 1908 च्या सुमारास रूफस स्टिम्सन यांनी शेतीशाळेतल्या मुलांना घरच्याच शेतात पीक घ्यायला लावले. खर्च-उत्पन्नाची नोंद मुलानेच ठेवायची. शिकागोत जॉन ड्युई यांच्या प्रायोगिक शाळेत 1896 पासून स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून गणित-विज्ञान शिकवणे चालू होतेच. ड्युईंच्या विचारांत वाढलेल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये ‘प्रकल्प पद्धत’ हा निबंध लिहिला आणि हेतू, नियोजन, कार्यवाही, मूल्यमापन हे चार टप्पे सांगितले. आपल्याकडे डी.एड.ची (आताच्या डी.एल.एड.ची) मुले आजही हेच चार टप्पे पाठ करतात. पहिला टप्पा मुलाचा, शिक्षकाचा नव्हे, एवढे मात्र त्या पाठांतरात गळून जाते.

तेव्हा कोल्हापूरपुढचा प्रश्न वेगळा होता. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड होता. आधी मूल वर्गात बसले पाहिजे, ते काय करते हा त्यानंतरचा विचार.

तो विचार इथे आला वर्ध्याच्या वाटेने. ऑक्टोबर 1937 च्या शिक्षण परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने मूलोद्योग शिक्षणाचा, म्हणजे एखाद्या हस्तोद्योगातून शिकवण्याचा, आराखडा दिला. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटे उद्योगाला. सूतकताई हे नुसते हातकाम नव्हते, बाकीचे विषय त्याच्याभोवती गुंफायचे. याला समवाय म्हणत. एक तार 4 फुटांची आणि 640 तारांची एक गुंडी, म्हणजे गुंडीत सूत किती फूट? हा गुणाकार मुलाच्या हातातल्या टकळीतून निघायचा. पण तपासणीला आलेला माणूस गुंड्या मोजू लागला की गुणाकार मागे पडायचा.

पुढचा दुवा आपल्याच जिल्ह्यातला. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभे केले. 1964-66 च्या कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. या आयोगाने ‘कार्यानुभव’ शाळेत आणला. वेळापत्रकात त्याला स्वतंत्र तास मिळाला आणि तिथेच घोळ झाला : काम एका तासात, गणित दुसऱ्या तासात, दोघांची गाठ नाही. ही गाठ पुन्हा बांधण्याचे काम कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी केले. 1985 मध्ये सुरू झालेल्या सृजन आनंद विद्यालयात मराठी माध्यमातून, मुलांच्या अनुभवाला धरून शिकवणे ही रोजची रीत होती.

सरकारी कागदावर ‘प्रकल्प’ हा शब्द पक्का बसला तो शिक्षण हक्क कायद्यानंतर. 1 एप्रिल 2010 ला कायदा लागू झाला आणि 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या, मूल्यमापनाच्या साधनांत तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांच्याबरोबर प्रकल्पही होता. पहिली-दुसरीला शंभरांपैकी आकारिकला 70 गुण होते, तिसरी-चौथीला 60, पाचवी-सहावीला 50, सातवी-आठवीला 40, उरलेले संकलितला, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला. गुण आले म्हणजे रकाना आला, रकाना आला म्हणजे पुरावा आला, आणि पुरावा म्हणून सर्वांत सोयीची वस्तू कोणती, तर चिकटवही. (मार्च 2018 च्या थर्माकोलबंदीने निदान किल्ले आणि ज्वालामुखी तरी पुठ्ठ्यावर आले.)

उपक्रम आणि प्रकल्प यांतला फरक इथेच पाहावा. बाटलीचे पर्जन्यमापक बनवणे हा उपक्रम. ‘आपल्याकडे पाऊस थांबला तरी पंचगंगा का चढते?’ हे शोधायला ते वापरणे हा प्रकल्प.

मापकाला दोन लिटरची, सरळ अंगाची बाटली घ्यावी. कमरेला खाच असलेली चालत नाही, कारण तिथे व्यास बदलतो आणि मिलिमीटर खोटे पडतात. गळ्याचा उतार संपतो तिथे कापून वरचा भाग उलटा बसवला की नरसाळे होते. तळाच्या खळग्यात खडे घालून खड्यांच्या वरपर्यंत पाणी भरायचे, त्या पातळीला शून्य मानून पट्टी चिकटवायची. शून्याच्या वर खडा डोकावला तर पाणी चढल्यासारखे दिसते. वाचन झाले की पाणी ओतून पुन्हा शून्यापर्यंत भरायचे; हे विसरले तर उघडिपीत पाणी उडून जाते आणि पुढची नोंद कमी येते. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या दुपटीने तरी बाटली दूर असावी. कौलाच्या पागोळीखाली ठेवलेली बाटली हमखास विक्रम करते. वेळ सकाळी साडेआठची, हवामान खात्याचीच, म्हणजे आकडे ताडून पाहता येतात.

दुसरी नोंद पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीची. ती वर्तमानपत्रात रोज येते. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका या दोन रेषा आलेखावर आधीच आखून घ्याव्यात. हटकून होणारी चूक अशी : 39 फूट 6 इंच ही पातळी मुले 39.6 लिहितात. फुटात 12 इंच, म्हणून ती 39.5. दशांश शिकवायला याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात सापडायचा नाही, म्हणून ही चूक आधी सांगून टाकू नये, आलेखावर होऊ द्यावी.

दोन-तीन आठवड्यांत बाटलीतल्या पावसाची आणि नदीच्या पातळीची रेषा जुळत नाही हे मुलांच्याच लक्षात येते. मग जिल्ह्याचा नकाशा काढायचा. पाऊस पडतो पश्चिमेला, गगनबावडा-राधानगरीकडे. शिरोळकडे जाताना तो उतरत जातो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तो घेऊन प्रयाग चिखलीला येतात. राधानगरीचे 7 स्वयंचलित दरवाजे धरण भरले की उघडतात, त्या दिवसाच्या बातम्या आलेखाला जोडल्या की चढणारी रेषा बोलू लागते. जमल्यास गगनबावड्याच्या एखाद्या शाळेशी आकड्यांची अदलाबदल करावी. बाटली मात्र दोन्हीकडे सरळ अंगाचीच.

गट चार-पाच मुलांचा, नोंदणाऱ्याची पाळी रोज बदलती. रविवारी बाटली कोणी वाचत नाही. सोमवारचे पाणी दोन दिवसांचे असते. ते निम्मे-निम्मे वाटून दोन रकाने भरण्याचा मोह मुलांना होतो, शिक्षकांनाही. रविवारचा रकाना कोरा ठेवून सोमवारपुढे ‘दोन दिवसांचा’ असे लिहावे.