अल्बुकर्कीच्या विरळ हवेतलं बेसबॉल

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्की शहरात बेसबॉलचं एक मैदान आहे. ते कळसूबाईच्या माथ्यापेक्षा फक्त शंभरेक मीटर खाली, साधारण १,५५० मीटरवर आहे. उंची सह्याद्रीची असली तरी पाऊस मात्र वर्षाला जेमतेम सव्वादोनशे मिलिमीटर. पूर्वेला सांडिया पर्वताची उघडी भिंत आणि डोक्यावर निळंशार आकाश. या उंच वाळवंटात ‘आयसोटोप्स’ (अणुविज्ञानातला शब्द, मराठीत समस्थानिकं) नावाचा संघ खेळतो. हे नाव एका कार्टून मालिकेतल्या संघावरून उचललं आहे. पण पहिली अणुचाचणी ज्या राज्यात झाली, तिथे ते शोभूनही दिसतं. हा संघ मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, लगेच खालच्या ‘ट्रिपल-ए’ पायरीवरचा. तिकीट स्वस्त, गर्दी बेताची, खेळाडू हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलात आणि वाट या बाजूला वळली, तर एक संध्याकाळ इथे जरूर घालवावी.

इथे चेंडू फार लांब जातो, असं कोणीही सांगेल. कारण विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, ‘हवा कोरडी आहे ना, म्हणून!’ हे चूक आहे. कोरडी हवा दमट हवेपेक्षा किंचित जडच असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८ आणि ऑक्सिजनचं ३२. हवेत बाष्प शिरलं की जड रेणूंच्या जागी हलके येतात. हा फरकही किरकोळ, भर उन्हाळ्यात फार तर दीड टक्क्याचा. मुंबईच्या घामट हवेला आपण ‘जड’ म्हणतो खरं, पण चेंडूला ती तशी लागत नाही.

खरं कारण उंची. अल्बुकर्कीत हवेची घनता समुद्रकाठापेक्षा सुमारे १७ टक्के कमी असते. बेसबॉलचा चेंडू जेमतेम १४५ ग्रॅमचा. तो ताशी १५० किलोमीटरच्या आसपास धावत असतो तेव्हा हवेचा अडथळा जवळजवळ त्याच्या वजनाइतका असतो. त्या अडथळ्यातला सहावा हिस्सा काढून टाकला तर चेंडू कितीतरी लांब जाईल, असं वाटतं. प्रत्यक्षात वाढ होते साधारण पाच टक्क्यांची. समुद्रकाठी १२० मीटर जाणारा टोला इथे १२६ मीटरच्या आसपास पोचतो. कारण विरळ हवा एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते. उंच टोला मारताना चेंडूला उलटी गिरकी मिळते आणि त्या गिरकीमुळे हवा त्याला थोडा वर उचलून धरते. हवा कमी, तर उचलणंही कमी. पण कुंपणाशी झेल की होम रन, म्हणजे कुंपणापार टोला, याचा निकाल लावायला सहा मीटर रग्गड झाले.

हाल होतात ते पिचरचे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचे. त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, वळतो तो याच गिरकीच्या जोरावर. खालच्या मैदानावर १८ इंच वळणारा चेंडू इथे १५ इंचच वळतो. बॅटरपर्यंत पोचायला त्याला लागतो साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात तीन इंच चुकले की जो चेंडू बॅटखालून निसटायचा, तो नेमका बॅटच्या मधोमध बसतो. वेगवान चेंडू वाटेत जरा कमी मंदावतो, एवढाच काय तो दिलासा.

मग कोरडेपणाचा काहीच संबंध नाही का? आहे, पण तो हवेपेक्षा चेंडूतून येतो. बेसबॉलच्या पोटात रबर-कॉर्कचा गोळा, त्यावर शेकडो मीटर लोकरी सूत गुंडाळलेलं आणि वर कातडं. ही लोकर ओलावा शोषते आणि सोडतेही. वाळवंटात चेंडू वाळतो, हलका होतो आणि बॅटवरून जास्त उसळतो. कातडं गुळगुळीत झाल्याने पकडही नीट बसत नाही. आयसोटोप्स ज्याच्यासाठी खेळाडू घडवतो तो मेजर लीगमधला पालक संघ, डेन्व्हरचा कोलोरॅडो रॉकीज, याच जाचाला कंटाळला होता. तिथल्या कूर्स फील्डवर १९९९च्या एका हंगामात ३०३ होम रन झाले. २००२ पासून त्यांनी चेंडू ५० टक्के आर्द्रतेच्या बंद खोलीत ठेवायला सुरुवात केली. होम रन सुमारे पाव हिश्शाने घटले. २०२२ पासून मेजर लीगच्या सगळ्याच मैदानांवर अशी सोय सक्तीची झाली.

अल्बुकर्कीच्या मैदानाची आणखी एक गंमत. २००३ मध्ये ते खुलं झालं तेव्हा बॅटरच्या थेट समोरच्या टोकाला, कुंपणाच्या अलीकडे चक्क एक उंचवटा ठेवला होता. चेंडूकडे बघत उलटं धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाने तो चढायचा! प्रेक्षक म्हणून मला हे फार आवडतं, त्या क्षेत्ररक्षकाचं मत वेगळं असणार.

सामना सहसा संध्याकाळी. ऊन उतरलं की इथे गारवा झपाट्याने येतो. कोरड्या हवेत बाष्पाचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते. तापमान दहा अंशांनी उतरलं की हवा थोडी दाट होते आणि उंच टोला दोनेक मीटर आखूड पडतो. म्हणजे पहिल्या डावात कुंपणापार गेला असता तसा टोला नवव्या डावात झेल ठरू शकतो.

याच लीगमध्ये टॅकोमा आणि सॅक्रामेंटोही आहेत, जवळपास समुद्रसपाटीवरचे. या आठवड्यात तिथे नांगी टाकणारा बॅटर पुढच्या आठवड्यात अल्बुकर्कीत हिरो होतो. म्हणून खेळाडूला वरच्या पायरीवर बोलावताना मेजर लीगचे संघ त्याचे आकडे मैदानानुसार दुरुस्त करून वाचतात. बिचाऱ्या पिचरला त्याचा थोडा तरी फायदा होतो.

जाणाऱ्यांनी जागा होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या, मागची घ्यावी, कर्व्हबॉलचं अपुरं वळण तिथूनच दिसतं. पाणी भरपूर प्यावं, कारण या हवेत घाम दिसण्याआधीच उडून जातो. सनस्क्रीनही लावावं, दर हजार मीटर उंचीला अतिनील किरण निदान दहा टक्क्यांनी वाढतात. आणि हिरव्या मिरचीचं चीजबर्गर घेताना ‘फार तिखट नाही ना?’ असं विचारायची आपल्याला तरी गरज नाही.