हायड्रॉलिक प्रेस: तत्त्व आधी, सील नंतर

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे पास्कल यांचं तत्त्व शाळेत एका ओळीत उरकलं जातं. पण ब्लेझ पास्कल तत्त्वावर थांबले नव्हते. त्यांच्या निधनानंतर, 1663 मध्ये छापलेल्या ग्रंथात चक्क हायड्रॉलिक प्रेसचंच, म्हणजे द्रवाच्या दाबाने जोर वाढवणाऱ्या यंत्राचंच वर्णन आहे: पाण्याने भरलेलं भांडं, त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं आणि दोन्हींत घट्ट बसणारे दट्टे. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरेल, असं ते लिहितात. अर्थात यात फुकट काही मिळत नाही. मोठा दट्ट्या 1 सेंटीमीटर उचलायचा तर लहान दट्ट्याने 100 सेंटीमीटर सरकायला हवं. म्हणून तर लहान दट्ट्या पंपासारखा पुन्हा पुन्हा मारावा लागतो.

मग हे यंत्र कामाला लागायला 1795 साल का उजाडावं लागलं? मला तरी या इतिहासातला हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. गोम होती ‘घट्ट बसणारे’ या शब्दांत. दट्ट्या सैल असेल तर फटीतून पाणी निसटतं आणि दाब चढतच नाही. फट बुजवायला कडेने काही ठासून भरावं, तर दाब काढल्यावरही दट्ट्या अडकून बसतो, मागे येत नाही.

जोसेफ ब्रामा हे मूळचे यॉर्कशायरचे, लंडनमध्ये कुलपांसाठी नावाजलेले कारागीर. त्यांनी 1795 मध्ये प्रेसचं पेटंट घेतलं. गळतीचा तिढा सोडवण्याचं श्रेय मात्र त्यांच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ली यांना दिलं जातं. त्यांचा उपाय म्हणजे दट्ट्याभोवती बसवलेली, खोबणीसारखा आडवा छेद असलेली चामड्याची कडी. पाणी या खोबणीत शिरून तिच्या कडा फाकवतं. म्हणजे दाब जितका जास्त, तितकी कडी घट्ट, आणि दाब उतरला की आपोआप सैल. जो दाब गळती घडवतो त्यालाच ती थांबवायला लावायचं, ही युक्ती आजही सीलच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या कडीच्या, रचनेत टिकून आहे. फक्त चामड्याची जागा कृत्रिम रबर आणि पॉलियुरेथेनने घेतली आहे.

यानंतर कापसाच्या नि गवताच्या गाठी बांधणं, तेलबिया पिळणं, अवजड वस्तू उचलणं अशा कामांत प्रेस झपाट्याने शिरली. मात्र पाणी आत रोखून धरलं, तसा सगळा ताण ओतीव लोखंडाच्या सिलिंडरवर आला. 1849 मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाची दीड हजार टनांच्या आसपास वजनाची, आतून आगगाडी जाणारी लोखंडी नळी उचलताना एका प्रेसच्या सिलिंडरचा तळच फुटून निघाला. नळी जसजशी वर जाईल तसतसा खाली आधार रचत राहा, अशी सक्त ताकीद पुलाचे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांनी दिलेली होती. त्यामुळे ती काही इंचच खाली आली आणि पूल वाचला. अवजड भार उचलताना खाली आधार रचत जाण्याची शिस्त आजही पाळली जाते, आणि ती पाळलीच पाहिजे.

धातुकामात प्रेसने खरा फरक पाडला तो घणाच्या तुलनेत. वाफेच्या घणाचा तडाखा क्षणभराचा असतो. जाड लोखंडात त्याचा परिणाम मुख्यतः पृष्ठभागाजवळ राहतो, शिवाय जमीन हादरते ती वेगळीच. प्रेसचा सावकाश, सलग दाब तापलेल्या ठोकळ्याच्या गाभ्यापर्यंत जातो. 1860च्या दशकात व्हिएन्नात जॉन हॅसवेल यांनी फोर्जिंगसाठी, म्हणजे तापलेला धातू दाबून घडवण्यासाठी, अशी प्रेस वापरली, आणि पुढे मोठाले शाफ्ट, तोफांच्या नळ्या नि चिलखती पत्रे प्रेसखाली घडू लागले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने विमानांचे भाग घडवायला सुमारे 30,000 टन जोराची प्रेस उभारली. ते पाहून अमेरिकेने 1950च्या दशकात सरकारी खर्चाने अवजड प्रेस बांधल्या. त्यांतल्या 50,000 टनांच्या दोन प्रेस एकविसाव्या शतकातही विमानांचे सांगाडे घडवत राहिल्या.

विसाव्या शतकात पाण्याऐवजी तेल आलं. गंज टळला, आणि पंप नि व्हॉल्व्हना आपोआप वंगणही मिळालं. पत्रा खोल ओढून भांडी नि मोटारींचे भाग बनवणं, रबर साच्यात दाबून धरणं, प्लायवूड चिकटवणं, बेअरिंग बसवणं, ॲल्युमिनियमचे लांब गज साच्यातून रेटून काढणं: या सगळ्यांत प्रेसचा एकच गुण कामी येतो. क्रँकवरच्या, म्हणजे फिरत्या दांड्याने वरखाली होणाऱ्या, प्रेसला पूर्ण जोर फक्त खेपेच्या टोकाशी मिळतो. हायड्रॉलिक प्रेस मात्र वाटेत कुठेही पूर्ण जोर लावू शकते आणि हवा तितका वेळ तो धरून ठेवू शकते. जोर ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ लागला की जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो. वेगात ती मागे पडते, पण तेवढी किंमत बहुतेक कामांत परवडते.

गळतीचा प्रश्न मात्र संपलेला नाही, आज तो थेट माणसाच्या अंगावर येतो. होजला, म्हणजे तेल वाहणाऱ्या लवचिक नळीला, सुईएवढं भोक पडलं तरी त्यातून सुटणारी तेलाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतल्या पेशी सडू शकतात आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. म्हणून चालू प्रेसची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी. तेल आत गेल्याची नुसती शंका आली तरी, दुखत नसलं तरीही, तडक रुग्णालय गाठावं.