उमानमधलं ते एक वाक्य

मन खचलेलं असताना प्रार्थनेला उभं राहायचं कसं, हा प्रश्न यहुदी परंपरेत फार जुना आहे. बायबलमधल्या बेचाळिसाव्या स्तोत्रातला भक्त स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू इतका खिन्न का? तालमूद हा यहुदी धर्मचर्चेचा प्राचीन ग्रंथ म्हणतो, ईश्वराचं सान्निध्य उदासीतून लाभत नाही. आज्ञा पाळण्यातल्या आनंदातून लाभतं. आधीच खचलेल्याला हे ऐकवलं, तर उदासीच्या जोडीला उदास असल्याचा अपराधही त्याच्याच माथी बसतो.

धर्मशास्त्राला मात्र माणसाची जाण होती. घरातलं अगदी जवळचं माणूस गेलं, तर दफन होईपर्यंत प्रार्थनेचं बंधनच नाही. पण कारण न सांगता येणाऱ्या खिन्नतेचं काय?

तो प्रश्न अठराव्या शतकात युक्रेनच्या गावांमध्ये ऐरणीवर आला. 1648 च्या यहुद्यांच्या कत्तलींची आठवण होती, 1666 मध्ये स्वघोषित मसीहा (तारणहार) शब्बताई झ्वीने इस्लाम स्वीकारल्यामुळे झालेला भ्रमनिरास होता. बाल शेम तोव (मृत्यू 1760) यांच्या हसिदी या यहुदी भक्तिपंथाने आनंदालाच उपासनेचं स्थान दिलं. 1796 मध्ये छापलेल्या 'तान्या' या हसिदी ग्रंथात रब्बी श्नेऊर झाल्मन यांनी तर व्यवहारी तोडगा सुचवला: पापांच्या दुःखाला ठरावीक वेळ नेमून द्या. प्रार्थनेच्या मध्येच ते आलं, तर बाजूला सारा.

बाल शेम तोव यांचे पणतू, ब्रेस्लवचे रब्बी नाख्मन (1772–1810) यांना ही खिन्नता स्वतःच्या अनुभवातून ठाऊक होती. 1806 मध्ये त्यांचा लहान मुलगा गेला, पुढच्या वर्षी बायको. मग क्षयाने त्यांनाच गाठलं. त्यांची शिकवण अगदी लहान गोष्टीपासून सुरू होते. स्वतःत एखादा चांगला ठिपका शोधा, हेतू पुरता शुद्ध नसला तरी चालेल. मग दुसरा शोधा. वाईटातून निवडलेले हे ठिपके म्हणजे जणू सूर, त्यांचीच धून होते. शिवाय रोज तासभर एकांतात, पोथीच्या हिब्रूत नव्हे तर घरच्या यिद्दिशमध्ये, देवाशी बोला. शब्द सुचत नसतील, तर तेच त्याला सांगा. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं: न जमणं हीसुद्धा प्रार्थना.

1810 मध्ये ते युक्रेनमधल्याच उमान या गावी राहायला गेले. 1768 च्या कत्तलीतले यहुदी बळी तिथल्या दफनभूमीत होते. त्याच उन्हाळ्यात, शरीर थकलेलं असताना, ते शिष्यांना म्हणाले की जगात निराशा अशी काही नाहीच. ऑक्टोबरमध्ये, अडतिसाव्या वर्षी ते वारले. आपल्यालाही त्यांनी त्याच दफनभूमीत पुरायला सांगितलं होतं.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, नाझींनी यहुद्यांना कोंडलेल्या वॉर्सा घेटोत, नोवोलिप्ये रस्त्यावरच्या नाख्मन यांच्या अनुयायांच्या ब्रेस्लव प्रार्थनाघरात एक मोठी पाटी लावलेली होती: यहुद्यांनो, निराश होऊ नका. घेटोतल्या जीवनाच्या नोंदी ठेवणारे इतिहासकार इमॅन्युएल रिंगेलब्लूम यांनी ती टिपून ठेवली. तिथे लोक युद्धापूर्वीच्याच उत्साहाने नाचतात, असंही त्यांनी लिहिलं आहे.