रोपित उपकरणे आणि एमआरआय तपासणी

पेसमेकर, डीफिब्रिलेटर (हृदयाचे बिघडलेले ठोके विजेच्या झटक्याने सुधारणारे उपकरण), कॉक्लियर इम्प्लांट (कानात बसवलेले ऐकण्याचे उपकरण), स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी), हाडातील प्लेट अशी वस्तू शरीरात असताना एमआरआय निर्धोकपणे करता येईल का, हे ठरवण्याची पद्धत.

एमआरआय यंत्राचे चुंबकीय क्षेत्र बहुधा 1.5 किंवा 3 टेस्ला असते. 1.5 टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे 30,000 पट. तपासणी चालू नसतानाही ते तसेच राहते. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या एका रुग्णालयात ऑक्सिजन सिलिंडर हातात घेऊन खोलीत शिरलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे ओढला जाऊन दगावला. पेसमेकरची भीती मात्र वेगळी आहे. यंत्राच्या रेडिओलहरींमुळे त्याच्यापासून हृदयात जाणाऱ्या तारेत वीजप्रवाह उत्पन्न होतो, तारेचे टोक तापते आणि तिथला हृदयस्नायू भाजू शकतो. उपकरणाचा मोड म्हणजे काम करण्याची पद्धतही बदलू शकते. ज्याचे ठोके पेसमेकरवरच चालतात त्याच्या जिवावर बेतते.

2005 पासून उपकरणांवर तीन खुणा वापरतात: हिरवा चौकोन सुरक्षित, पिवळा त्रिकोण सशर्त, लाल वर्तुळ असुरक्षित. खरा घोळ पिवळ्याचा. किती टेस्ला, किती ऊर्जा, बसवून किती आठवडे झाले, अशा अटी त्यात असतात. शिवाय नवे पेसमेकर जुन्या तारेला जोडलेले असेल तर त्याचे ‘सशर्त’पण संपते. अमेरिकेत पहिले सशर्त पेसमेकर 2011 मध्ये मंजूर झाले. तरी त्याआधीची उपकरणे असलेल्यांना सरसकट नकार देणेही योग्य नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील नोंदवहीत जुन्या उपकरणांसह 1.5 टेस्लावर छाती वगळून केलेल्या 1,500 तपासण्यांत एकही मृत्यू झाला नाही. एक डीफिब्रिलेटर तेवढे बदलावे लागले, तेही आधी मोड न बदलल्यामुळे.

इंदूरमध्ये अडचण बहुधा कागदाची असते. रामबागेतल्या आजोबांचे ऑपरेशन मुलाकडे पुण्याला झालेले, उपकरणाचे कार्ड तिथल्याच फायलीत, आणि इथल्या फॉर्मवर घरचे लिहितात ‘मशीन बसवले आहे’ किंवा ‘छल्ला टाकला आहे’. छल्ला म्हणजे स्टेंट असेल तर सहसा चिंता नसते. मशीन कोणते, तार कोणती, हे कळल्याशिवाय रेडिओलॉजिस्टने पुढे जाऊ नये. तपासणीआधी मोड बदलायला आणि नंतर पूर्ववत करायला प्रोग्रॅमर नावाचा संच लागतो. तो घेऊन बहुतेकदा कंपनीचा माणूस येतो, म्हणून वेळ आधी ठरवलेली बरी. मंगळसूत्र, जोडवी, पदराची पिन हे सारे बाहेर काढायचे असतेच. जोडव्यांवरून होणारा वाद तंत्रज्ञांना नवा नाही.

गुडघ्याचा सांधा, टायटॅनियमची प्लेट, बायपासनंतर छातीत राहिलेल्या तारा यांमुळे सहसा अडत नाही, फक्त आसपासचे चित्र बिघडते. मेंदूतील जुन्या चुंबकीय क्लिपा मात्र घातक. कॉक्लियर इम्प्लांटमधले चुंबक सरकून वेदना होतात, त्यामुळे पट्टी घट्ट बांधावी लागते, काहींत ते आधी काढावेही लागते. सोनोग्राफीला यातले काहीच आड येत नाही. सीटी स्कॅनही चालतो. किरणांचा झोत थेट उपकरणावर स्थिर राहिला तरच क्वचित गडबड होते.